एकशेसत्तर व्होल्ट

लष्करात, जानेवारीत, संध्याकाळी सात ते नऊ
दिवे लागतात, उजेड पडत नाही.
सगळी गल्ली एकाच वेळी शेकायला बसते
आणि तारेतला दाब वाटून वाटून पातळ होतो,
शेवटच्या पंगतीच्या कढीसारखा.

बाबांनी हीटर तिसऱ्यांदा पालथा करून पाहिला.
"दौलतगंजवाल्यानं फसवलं.
हजार वॅट छापलंय. हे हजार वॅट?"
कॉइल शेंदरी व्हायला हवी होती,
विटकरी होऊन थांबली होती.

माझ्या पिशवीत क्लॅम्प मीटर होता.
आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला मी एकटीच मुलगी;
दीड वर्षात त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं,
तिथे करतेस काय.

प्लगमध्ये तपासलं: एकशेसत्तर.
वायरीच्या दोन तारा सोडवून
एकीला चिमटा लावला: तीन पूर्णांक दोन.
दिघ्यांच्या प्रमोदिनीच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर
भागाकार मांडला.
त्रेपन्न ओहम, वर थोडं.

"बाबा, दुकानदार खोटा नाही.
दोनशेतीसचा वर्ग करा, हजारानं भागा,
तरी त्रेपन्नच्या आसपासच येतं.
कॉइल होती तशीच आहे."

"मग ऊब कुठे गेली?"

मग गुणाकार.
एकशेसत्तर गुणिले तीन पूर्णांक दोन,
पाचशे चव्वेचाळीस.
दाब घटला की धारा घटते,
आणि ऊब म्हणजे दोघांचा गुणाकार,
म्हणून ती दोनदा घटते.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
पत्रिका लांब धरली,
ताण्यातला तुटका धागा शोधत तशी.
"दोन्हीकडून मार," म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, हीटरकडे बघत,
"मिलमध्ये आधी पाळ्या कमी केल्या.
मग रोज कमी केला.
आम्ही दोन्ही वेगवेगळं मोजत बसलो.
गुणाकार कुणी करून दाखवला नाही."

मला वर्गातला दिवा आठवला.
गार असताना मोजला तेव्हा अडतीस ओहम,
पेटता असताना हिशेबानं पाचशेदोन.
मी वहीत लिहिलं होतं, मीटर बिघडलाय.
सरंजामे सरांनी खाली लाल शाईत,
मीटर ठीक.
तू गार असताना मोजलंस.

हे बाबांना सांगावं असं वाटलं.
सांगितलं नाही.
त्यांनी ओमेगावर बोट ठेवलं होतं.
"हा नाल कशाचा?"
"अडवणुकीचा. पुस्तकात प्रतिरोध म्हणतात."
"जास्त असला तर वाईट?"
"नाही. नसलाच तर तापणार काय?"
ते हसले नाहीत. पण पाय हीटरकडे सरकवले.

नऊ वाजून गेले. समोरच्या भार्गवांकडचा गीझर
बंद झाला असावा, आणखी कुणाकुणाचं काय काय,
आणि कॉइल हळूहळू
विटकरीची शेंदरी होत गेली.

"आता बघ किती."

दोनशेपाच. तीन पूर्णांक नऊ.
पेन्सिल पाटाखाली गेली होती,
मी वाकून हात घालून चाचपत होते,
तोवर वरून आवाज आला,
"दोनशेपाच चोक आठशेवीस,
त्यातून साडेवीस वजा.
आठशेला अर्धा कमी."