कानठळ्या

ईरी गावात नोव्हेंबरपासूनच बर्फ साचतं.
सरोवरावरून आडवं येतं
आणि दुपारपर्यंत पार्किंगमधली आपली गाडी ओळखू येत नाही.
माझ्या खोलीत ऋतू नाही.
भिंतींना स्पंज, जाड दार, एक खुर्ची, एक बटण.
ऐकू आलं की दाबायचं,
एवढंच सांगते मी दिवसभर
माजी सैनिकांच्या या दवाखान्यात.

डेल विटकोव्स्की, वय सत्त्याहत्तर.
टोपीवर पिवळ्या दोऱ्यानं भरलेलं त्या देशाचं नाव.
आत बसताना ती काढतो, मांडीवर ठेवतो,
देवळात शिरावं तसा.
काचेच्या अलीकडून मी सूर सोडते,
आधी जाड, मग बारीक, मग केसाएवढा.
तो बटण दाबत नाही.
मी काहीच सोडत नाही
तेव्हा दाबतो.
तीनदा, लागोपाठ, घाईनं.
तक्त्यावर यासाठी एक रकाना आहे,
‘चुकीचा प्रतिसाद’.
मी फुली मारते.

बाहेर लॉरेटा, कोटाची बटणं न काढता बसलेली.
तो आत आहे, दार बंद आहे,
तरी आवाज खाली आणून सांगते:
पहिली अकरा वर्षं मला वाटायचं हा रुसलाय.
हाक मारली तर वळायचा नाही.
मी भांडी आपटायचे.
भांडी आपटली की हा टेबलाखाली.
मग लाकडी चमचे आणले.
वाढदिवसाला फुगे नाहीत.
चार जुलैला मुलांना गाडीत घालून सरळ कॅनडात,
तिथे तो दिवस साधाच असतो.
याचा धाकटा भाऊ राहतो ना तिकडे,
लढायला नको म्हणून पळालेला, तो.
दोघं गळ टाकून बसतात.
त्या देशाचं नाव कुणी काढत नाही.
फक्त भाऊ न सांगता
याच्या उजव्या हाताला बसतो.
उजवा कान बरा आहे.

पलीकडच्या खुर्चीत रोशेल टिबेट्स,
निम्म्या वयाची, दुसऱ्या वाळूतून आलेली.
तिचा मुलगा सोफ्याच्या काठावर लाल ट्रक चालवतोय,
तोंडानं आवाज न करता.

डेलला मी विचारते, फॉर्मवर आहे म्हणून:
काही वाजत नसताना काय ऐकू येतं?
रातकिडे, म्हणतो.
तिकडे ते थांबले की समजायचं, कुणीतरी येतंय.
हे सत्तावन्न वर्षांत थांबलेले नाहीत.
म्हणजे अजून कुणी आलेलं नाही.
आणि हसतो, दात दाखवून.
फॉर्मवर जागा दीड ओळीची.

आमच्या भाषेत कानठळ्या बसतात.
बसतात असंच म्हणतात,
उठल्याचं मी कधी ऐकलं नाही.
माझ्या पणजोबांचे एक भाऊ बसऱ्याला गेले होते.
त्यांच्याबद्दल घरात एवढंच शिल्लक आहे:
परत आले ते तापट होऊन,
साधं मीठ मागायचं तरी ओरडून.
बायको गप्प झाली, सुना दबकून राहिल्या,
शंभर वर्षं आम्ही त्यांचा राग सांगत आलो.
त्यांना ऐकू येत नसेल
हे मला सुचलं ते इथे,
कुणा दुसऱ्याच्या कानात यंत्र बसवताना.

यंत्र बसलं.
पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या कोटाची सळसळ ऐकली
आणि दचकून बाहीकडे पाहिलं.
मग लॉरेटा म्हणाली, कसं वाटतंय?
नेहमीसारखी, खोलीभर.
ओरडू नकोस गं, म्हणाला तो.
ती थांबली.
पन्नास वर्षं वापरलेला आवाज
खाली कुठे ठेवायचा ते तिला कळेना.

रातकिडे? मी विचारलं.
आहेत, म्हणाला. थोडे लांब गेलेत.

आता खिडकीतून दिसतात दोघं.
तो काचेवरचं बर्फ खरवडतोय,
ती पलीकडच्या दाराशी, हात बगलेत.
त्याची पाठ तिच्याकडे.
तिचे ओठ हलतात, जेमतेम,
आणि तो वळतो.
काय म्हणाली
ते मला इकडे ऐकू आलं नाही.