दम धर

आठ महिने मी नळांची तोंडं बांधली.
चौकोनी, गोल, काही माझ्या डोक्याएवढी,
काहींत माणूस ओणवा होऊन शिरेल.
आधी पत्रा पुसायचा, मग प्लास्टिक ताणायचं,
वरून चिकटपट्टी अंगठ्याने दाबत न्यायची,
आई बूझच्या पारीला चुण्या घालायची तशी.

उलानबातरमध्ये, चिंगेल्तेईच्या चढावर,
प्रसूतीचं इस्पितळ. चार मजले.
पोरं हसायची: दुल्मा, यात अजून हवाच नाही,
तोंड कसलं बांधतेस?
नाही, म्हणूनच.
आज धूळ घशात बसली
तर पहिल्या श्वासाला तीच बाहेर पडेल,
आणि समोर असेल
दोन दिवसांचं कुणीतरी.

हे बोलणं माझं नाही, उरंगूचं.
हवेची बाई म्हणायचे तिला.
हातात डबी, डबीवर आकडे,
आकडा चढला की तिच्या भुवया चढत.
ती यायच्या आधी आम्ही जिप्सम कोरडंच घासायचो.
संध्याकाळी पापण्या पांढऱ्या,
म्हातारा पुरेव म्हणायचा, बघा, आज शंभरी भरली माझी.
तिने घासणीला धूळ ओढणारी नळी लावली,
दारांना चेनचे पडदे,
पावसात भिजलेल्या वीस फळ्या ट्रकमध्ये परत घातल्या.
ठेकेदार म्हणाला, वाळतील की.
ती म्हणाली, वाळतील. बुरशी मात्र विसरत नाही.
पुरेवची सिगारेट जिन्यातून अंगणात गेली,
अंगणातून फाटकाबाहेर.
त्याने तिला भरपूर शिव्या घातल्या,
पण फाटकाबाहेर उभं राहून घातल्या.

डिसेंबरात रंग झाला, फरशी चिकटवली.
खाटा सोमवारी येणार होत्या.
उरंगू म्हणाली, नाही.
आधी इमारतीला श्वास सोडू दे.
चौदा दिवस पंखे, बाहेरची हवा आत, आतली बाहेर,
रंग, गोंद, नवं प्लायवूड, सगळ्याचा वास निघेपर्यंत.
ठेकेदार तडकला:
उणे तीसची हवा तापवायची आणि बाहेर फेकायची?
त्यापेक्षा नोटाच जाळा, ऊब तरी मिळेल.
दम धरा, ती म्हणाली.

मग खिडकीपाशी गेली
आणि स्वतःच गप्प झाली.

बाहेर संध्याकाळ उतरत होती, पण अंधार आधीच आलेला,
चढावरच्या हजार धुराड्यांतून.
डबी बाहेर धरली. आकडा मला सांगितला नाही.
नुसती डबी खिशात टाकली.

आत घ्यायची ती हवा हीच.

तीन रात्री तिने डबीबरोबर काढल्या,
वहीत तासातासाला एक रेघ.
शेवटी म्हणाली, बारा ते चार.
तेवढ्यात तूल नदीकडून वारा येतो, चुली विझलेल्या असतात.
तेवढेच चार तास पंखे. बाकी वेळ सगळं बंद.
चौदाचे चाळीस दिवस झाले.
ठेकेदाराने बोलणंच सोडलं.

गाळण्या मी बदलायचे.
पांढरी घालायची, चौथ्या दिवशी काढायची
तर तव्याचं बूड.
एकदा उरंगूने तिच्यावरून बोट ओढलं, बोट बघितलं.
कुठून येतं गं एवढं?
खिडकीतून दिसत होती वरची रांग,
आमचं निळं दार,
दारावरचं वाकडं धुराडं, नवऱ्याने तारेने बांधलेलं.
मी म्हटलं, वरून.
बोट दाखवलं नाही.
तिने पुन्हा विचारलंही नाही.

जानेवारीच्या शेवटी तिने सही केली.
उरलेली प्लास्टिकं मी सोडवली, एकेक,
नखांत गोंद घेऊन.
खाटा आल्या, पाळणे आले.
संध्याकाळी हातमोजे विसरले म्हणून परत गेले
तर दारातल्या पोराने अडवलं, बूट काढा.
काढले. मोज्यांवर उभी राहिले.
वास घेतला.
कशाचाच आला नाही.
आठ महिन्यांचं काम ते, न येणारं.
उगाच आणखी एकदा घेतला.

मग चढ चढून घरी.
मुलगी गोधडीत खोकत होती.
उणे एकतीस.
पुठ्ठा फाडला, काडी ओढली,
दाबलेल्या कोळशाच्या दोन विटा आत सरकवल्या
आणि चूल पेटवली.