जे उडून जात नाही

वेर्ण्याच्या पठारावर, बंद पडलेल्या कंपनीच्या मागच्या शेडमध्ये
कायतान फुर्तादने दोन डिटेक्टर मांडून ठेवले होते,
धुळीवरून नुकताच ओला फडका फिरवलेले.

एक चकचकीत. पॅनेल नवं, दिवा नवा.
कागद एकही नाही.
दुसऱ्याचा पडदा कोपऱ्यात पिवळा पडलेला,
एक बटण गेलेलं, तिथे आगकाडी खोचलेली,
आणि सोबत रेक्सिनच्या पुठ्ठ्याची वही.

विचारायचं ते सगळं विचारलं.
दिवा किती तास जळला, नायट्रोजन किती पितो,
नेब्युलायझर कधी बदलला.
चकचकीताचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं,
लिलावात मिळालं, एवढंच.
मी मागचं झाकण काढून टॉर्च मारला.
नळीच्या आत पांढरं कवच,
मिठागरात पाणी आटल्यावर राहतं तसं.
कुणीतरी वर्षानुवर्षं यातून फॉस्फेट सोडत होतं,
आणि ते उडून जाईल अशी वाट पाहत होतं.

दुसरा त्याने स्वतः चालवलेला. अकरा वर्षं.
"हें फट मारिना बाय," तो म्हणाला,
"पूण उणें उलयता."

खरं आहे ते. हा जिन्नस तसाच असतो.
द्रावणाचं धुकं करतो, धुकं तापवतो,
जे उडून जायचं ते जाऊ देतो,
आणि मागे उरलेल्या धुळीवर उजेड पाडून बघतो
किती विखुरतो ते.
यात फेणी सोडली तर काहीच दिसणार नाही, कायतान हसला,
ती आधीच खिडकीबाहेर.

पण साखर उरते.
फोंड्याच्या माझ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राला साखर दिसत नाही,
उजेड तिच्यातून आरपार जातो
आणि कागदावर सपाट रेघ येते, कुणाचंच काही चुकलं नसल्यासारखी.

मी पर्समधून मधाची बाटली काढली.
सत्तरीतला मध, माझ्या आजोळच्या गावचा,
येसू गांवकराने स्वतः गाळलेला.
याच्यावर शंका नको, म्हणूनच आणला होता.
तपासायचं होतं यंत्र.

बेसलाइन बसायला चाळीस मिनिटं लागली.
शेडच्या पत्र्यावर काजूची एक फांदी घासत होती.
मग फ्रुक्टोज आलं, उंच.
ग्लुकोज आलं, त्याला खेटून.
मी पेन बंद केलं.
आणि मग, जिथे जवळजवळ काही नसायला हवं तिथे,
तिसरा उंचवटा.

"परत मार," मी म्हटलं.
परत तोच.
कोरं अ‍ॅसिटोनायट्राइल-पाणी मारलं: सपाट.
सिरिंज बदलली, कुपी बदलली.
तोच, तिथेच, तेवढाच.

थोडं असलं की हा त्याहून थोडं दाखवतो.
म्हणजे जेवढं कागदावर होतं
त्याहून जास्तच बाटलीत होतं.

भाव मी फारसा केला नाही.
नळी खिडकीतून बाहेर काढ, कायतान सांगत होता,
दोन सिलिंडर जवळ ठेव, रात्री गरम पाणी सोडून धू.
मी लिहून घेत होते, आणि येसूमामाच्या अंगणातल्या पेट्या मोजत होते.
किती होत्या? सहा? की चारच,
आणि मध मात्र सहांचा?

वही द्यायला त्याने थोडा वेळ लावला.
शेवटच्या पानावर आजची तारीख घातली,
तीन रन लिहिले, खाली सही केली.
मग मधाच्या बाटलीचं बूच लावता लावता
कडेला आलेला थेंब बोटाने चाटला.

"गोड आसा," म्हणाला.