डाव्या कुशीवर

शिमानेच्या किनाऱ्यावर आमचं गाव,
नगरपालिकेत तीन नंबरची खिडकी माझी.
जन्म, लग्न, मृत्यू, बदललेला पत्ता, कुत्र्याचा परवाना,
सगळं इथेच.
मंगळवारी गर्दी नसते.
फुमिए काजितानी आल्या, वय बाहत्तर,
हातांना वाळवलेल्या माकुलाचा वास,
जो चाळीस वर्षं कुठल्याच साबणाला बधला नाही.

म्हणाल्या, तो अर्ज दे.
कुठला?
तोच. नवरा गेल्यावर सासर सोडायचा.

मी खालचा खण ओढला. तो जरा अडकतोच.
एकच पान.
कुणाची संमती लागत नाही,
ना दिराची, ना नणंदेची, ना गेलेल्याची.
तरी विचारलं, घरी सांगितलंय?
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं :
तुझ्या कागदावर तसा रकाना आहे?
नव्हता.

आडनाव राहू दे, म्हणाल्या. अंगवळणी पडलंय.
मला फक्त त्यांच्या थडग्यात जायचं नाही.
तिथे सासू आहे, तिची सासू आहे,
गेल्या गेल्या सगळ्या चहा मागतील.

आणि मग, शिक्का शोधता शोधता :
माणूस वाईट नव्हता हं.
कधी हात उचलला नाही. पगार आणून द्यायचा.
पण भिंतीकडची बाजू माझी.
त्रेचाळीस वर्षं उजव्या कुशीवर, भिंतीला नाक लावून.
खिडकी त्याच्या बाजूला.
रात्री माकुल धरणाऱ्या होड्या दिवे लावायच्या,
अख्खा समुद्र उजळायचा म्हणतात.
मी वळले की त्याची पाठ.
पाठीच्या कडेने थोडा उजेड दिसायचा.
तेवढाच.

टेकडीवरच्या देवळात झाडाखाली जागा घेतलीय,
एकटीपुरती, माझ्या पैशांची.
पर्सिमनचं झाड मागितलं होतं.
भिक्षू म्हणाले, कावळे येतात.
म्हटलं, येऊ देत की.
शेवटी कॅमेलियावर तुटलं.
राखेला कूस नसते, एवढं कळतं मला.
तरी सांगून ठेवलंय, डब्याचं तोंड समुद्राकडे करा.
म्हणाले, डब्याला तोंड नसतं.
म्हटलं, माझ्याला आहे.

शिक्का सापडला. पर्सच्या अस्तरात गेला होता.

गुरुवारी नणंद आली.
आमच्याकडे कुणी आरडाओरडा करत नाही.
तिने लाल घेवड्याच्या मिठाईची पेटी ठेवली
आणि अगदी हळू विचारलं,
एखादा कागद हरवूही शकतो, नाही का?
बाईला दिल्या घरचंच थडगं असतं.
चारचौघांत मी काय सांगू?
मी म्हणालो, नोंद झाली.
ती वाकली, मी वाकलो,
ती पुन्हा वाकली. पेटी तिथेच राहिली.

माझी आई आमच्या घराण्याच्या दगडाखाली आहे.
दर ऑगस्टला मी दगड धुतो,
खाचेतली अक्षरं जुन्या दातांच्या ब्रशने घासतो.
तिला विचारलं नव्हतं.
विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं.
ती कुठल्या कुशीवर झोपायची, आठवून पाहिलं.
मला आठवते ती उभीच,
हातात काहीतरी घेऊन.

मिठाई शनिवारी परत केली.
पेटीतला एक तुकडा कमी होता. बोललो नाही.

परवा संध्याकाळी देवळात एका सहीसाठी गेलो होतो.
कॅमेलिया अजून गुडघ्याएवढं,
त्याच्या सावलीत मांजरही मावणार नाही.
त्याच्या शेजारी फुमिएबाई आडव्या,
डोक्याखाली पिशवी,
चपला पायथ्याशी नीट जोडून ठेवलेल्या,
दारात ठेवाव्यात तशा.
डाव्या कुशीवर.
खाली एकेक होडी दिवा लावत होती.

जागा बघतेय, म्हणाल्या, माझ्याकडे न वळता.
खालून एक दगड टोचतोय.
तो काढायला सांग त्यांना.