करणी

वडगावात मागांचा खडखडाट एकदम थांबला
की समजायचं, लाइट गेली.
त्या शांततेत सौजन्या ढवळी येते,
गल्ली ओलांडून, मोबाइलच्या उजेडात,
वही छातीशी धरून.
‘अक्कोरे, इदु बरवल्दु.’
येईना म्हणते, आणि पेनचं टोपण आधीच काढलेलं असतं.

पानावर एकच ओळ :

∛(२ + √५) + ∛(२ − √५) = १

वर तिच्या लिपीत : साधिसि.
माझ्या पिवळ्या पडलेल्या पुस्तकात : सिद्ध करा.
करणी मात्र दोन्हीकडे करणीच.
हा धडा मी एकदा ओट्यावर बसून मोठ्यानं वाचला
तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या मालूताईंनी
आपल्या उंबऱ्यावर लिंबू-मिरची टांगली.
सौजन्याला सांगितलं. ती हसली नाही.
तिच्या भाषेत करणीनं
कुणाचं वाटोळं होत नाही.

खाली तिनं आकडे काढून ठेवलेले,
पहिलं घनमूळ एक पूर्णांक सहा एक आठ,
दुसरं उणे शून्य पूर्णांक सहा एक आठ,
मिळून एक. ‘बंतु की!’
आलं गं, पण हे नुसतं बघणं झालं.
तुझे बाबा पातळ मोजून देतात,
की लांबून बघून?
पोरगी गप्प. मग पान उलटलं.

बेरजेला क्ष म्हण. आता घन कर.
दोन अधिक मूळ पाच बाहेर आले,
दोन वजा मूळ पाच बाहेर आले,
मुळं एकमेकांना भेटून संपली,
चार उरले.
मधलं पद राहिलं, तीनपट गुणाकार, गुणिले बेरीज.
गुणाकार आत घे, एकाच घनमुळाखाली :
चार वजा पाच.
उणे एक. त्याचं घनमूळही उणे एक.
म्हणजे क्षचा घन
चार वजा तीन क्ष.

एक घालून बघ. एक बरोबर एक.
झालं, म्हणून मी पेन ठेवलं.
एकतीस वर्षं मी इथंच पेन ठेवत आले,
खडू असताना खडू.

तिनं नाही ठेवलं.
‘एक बसतो, अक्कोरे.
ब्यारे यारू इल्लेनु?’

दुसरं कुणी नाही का तिथं?
हे मला कुणी विचारलं नव्हतं,
मीही नाही.
मेणबत्ती शोधायच्या निमित्तानं आत गेले,
काड्यापेटी हातात होती तरी जरा उशीर केला.

बाहेर आले तर तिनं क्ष वजा एक वेगळा काढलेला.
उरलं होतं : क्षवर्ग, अधिक क्ष, अधिक चार.
विवेचक मी सांगितला, हिशेब तिनं केला,
एक वजा सोळा,
उणे पंधरा.
म्हणजे वास्तवात तिथं कुणीच नाही.
आता म्हण झालं.

लाइट आली. समोरचे माग सुरू झाले,
आमचं बोलणं ओठांवरून वाचायची वेळ आली.
ती उठेना. पेननं पाचाचं मूळ गिरवत
काहीतरी विचारलं. मला एवढंच ऐकू आलं :
‘मग आतच का नाही उघडत?’

परवा सकाळी दाराच्या फटीतून
जॅकार्डचा एक जुना पुठ्ठा आत सरकवलेला,
कुठल्याशा काठाच्या नक्षीचा, भोकाभोकांचा.
भोकं चुकवत लिहिलं होतं :
एक अधिक मूळ पाच, त्याचा घन,
सोळा अधिक आठ मूळ पाच.
आठानं भाग. आठ म्हणजे दोनाचा घन.
दोन अधिक मूळ पाच.
म्हणजे ते पहिल्यापासून
कुणाचा तरी घनच होतं,
वरचं मूळ काढायला बसलेलं नुसतं.

मालूताई विचारतात, ती ढवळ्यांची पोरगी
रोज रात्री तुमच्याकडं काय करायलीय हो?
करणी, म्हटलं.
सोडवते.

पुठ्ठा मी त्या धड्यात खुणेला ठेवलाय.
भोकांतून खालचं ‘सिद्ध करा’ दिसतं,
सलग नाही,
‘सि’ दिसतो, आणि बऱ्याच खाली ‘रा’.