घोटभर

लॅरामीच्या मोटेलात सकाळचे पावणेआठ.
नाश्त्याच्या खोलीतलं कोपऱ्यातलं टेबल मी पुसून घेतलंय,
सिरपचे चिकट डाग राहिलेच.
इथे गॅरिक हॉल्व्हर्सन शरीरक्रियाशास्त्राचा पेपर देणार,
ब्रुकिंग्जच्या वर्गात बाकीचे देतील त्याच मिनिटाला;
फक्त तिथलं घड्याळ तासभर पुढे.
माझं काम लिफाफा फोडणं, वेळ लावणं
आणि शेवटी सही करणं, की
याने कुणाला काही विचारलं नाही,
याला कुणी काही सांगितलं नाही.

काल रात्रभर बस बर्फातून चालली होती.
मागच्या सीटवर तो कपाळाला दिवा बांधून वाचत होता,
दोन टोप्या, तीन स्वेटशर्ट,
मांडीशी एक रिकामी बाटली.
वाचायचा आणि तिच्यात थुंकायचा.
एकशे एक्केचाळीस पौंडांच्या गटात उतरायचं
तर सव्वादोन पौंड अजून कुठूनतरी जायला हवे होते.
थुंकीलाही वजन असतं.

प्रश्न चौथा.
शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड काय करतं?
संबंधित संप्रेरकाचं नाव लिहा. गुण बारा.

मला हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली.
समोर उत्तरच तर बसलं होतं:
फुटलेले ओठ, टाळूला चिकटलेली जीभ,
डोळ्यांखाली कुणी अंगठे दाबून ठेवल्यासारखे खड्डे.
पेन्सिल थांबली.
खोलीभर वॉफल भाजल्याचा वास.
पलीकडे एका छोट्या मुलीकडून संत्र्याचा रस सांडला
आणि तो बघत राहिला
टेबलाच्या कडेवरून थेंब थेंब खाली जाणाऱ्या त्या रसाकडे,
माझ्या घड्याळाने चाळीस सेकंद.

वीस वर्षं मी या मुलांचे तक्ते भरतेय.
एका रकान्यात गुणांची सरासरी,
दुसऱ्यात टेकवलेल्या पाठी.
पहिला दोनच्या खाली घसरला की जर्सी जाते,
दुसरा घसरला की शिष्यवृत्ती कुजबुजायला लागते.
गॅरिकची आई जेम्सटाउनला शाळेची बस चालवते.
दर रविवारी मला फोन करून एकच विचारते:
जेवतो का?
मी सांगते, अभ्यास छान चाललाय.

वेळ संपली. चौथ्या प्रश्नाखाली
संप्रेरकाचं नाव नव्हतं. लिहिलं होतं,
"आधी लाळ घट्ट होते. मग जिने उंच होतात.
मग कशाचा रागच येत नाही."
याला बारापैकी किती, मला ठाऊक नाही.
मी लिफाफा चिकटवला. सही केली.

संध्याकाळी वजनकाटा. एकशे चाळीस पूर्णांक आठ.
खाली उतरून त्याने बाटली तोंडाला लावली,
पहिला घोट गिळलाच नाही, नुसता धरून ठेवला,
चूळ भरायला शिकलेलं पोर गालात धरतं तसा.
मग गिळला.
भुवया वर गेल्या.
"व्हॅसोप्रेसिन!"
काट्याजवळचा पंच दचकला.
"व्हॅसोप्रेसिन! लिफाफा गेला का?"

गेला नव्हता. माझ्याच पिशवीत होता,
खांद्याला लागून, चिकटवलेला.
"गेला," मी म्हणाले.

आणि रात्री, सगळं पाणी पिऊन झाल्यावर,
लॅरामीच्या एका पोराने त्याला पाणी पाजलं.
सात विरुद्ध तीन.

परतीच्या बसमध्ये तक्ता उघडला. दुसरा रकाना भरला.
पहिल्याचं सोमवारी कळेल.
मागे तो तोंड उघडं टाकून झोपला होता,
कपाळावरचा दिवा तसाच चालू, छतावर हलणारा.
रविवारी फोन वाजेल.
जेवला, म्हणेन.
दोन वॉफल, गारढोण,
सकाळपासून स्वेटशर्टच्या खिशात जपून ठेवलेले.