वा

बॉयलरच्या दुरुस्तीतून उरले दीडशे पौंड.
त्यात बसेल तेवढंच दाखवा,
असं मी दारातच सांगून टाकलं.
शेफील्डमधलं, चढाला टेकलेलं हेडफोनचं दुकान,
ऑलरेनशॉ नावाचा म्हातारा, डाव्या कानात यंत्र.
तीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात होतो, म्हणाला,
वरचे स्वर तिथेच ठेवून आलो.
तेव्हा झांजा, बासरीची फुंक, शब्दांतले सकार
हे तुम्हीच मला सांगायचं.

मी दातांच्या दवाखान्यात. दिवसभर ड्रिलची शीळ.
संध्याकाळी कानांना काहीतरी खरं द्यावं, एवढंच.
काचेमागे सहाशेचा एक होता, मखमलीत.
त्याच्याकडे मी पाहिलं नाही.
म्हणजे, एकदाच पाहिलं.

फोनवर एकच गाणं नेलं होतं. गाणं कसलं,
मिरजेतली कॅसेट, अठ्ठ्याण्णव सालची,
कागवाडेबाईंच्या माडीवर एका गुरुवारी भरलेली.
भीमपलास. गाणारी मी, वय एकोणीस.
चौथ्या मिनिटाला कोमल निषाद ओलांडून
मी षड्जाला टेकते, तिथे
बाईंचा आवाज, लांबून:
वा…
आणि पुढे नुसती खरखर.

कधी कुणाला वा न म्हणणाऱ्या बाई.
त्या एका अक्षरावर मी सव्वीस वर्षं काढली.
गाणं सुटलं तरी चाललं मला;
पावती होती ना.

पहिला डोक्यावर चढवला.
डग्गा पोटात येऊन बसला,
जेवून तट्ट झालेल्या पाहुण्यासारखा.
सगळं गोड, सगळं गुबगुबीत,
माझा आवाजसुद्धा साजूक तुपात परतलेला,
आणि वा तर सभागृहभर.
हा लाडीगोडी लावतो, मी म्हणाले.
खपतो हाच, तो म्हणाला.

दुसऱ्यात प्रत्येक स म्हणजे सुई.
पुन्हा दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं.
काढून ठेवला.

तिसरा राखी, साधा, कानशिलांना जरा घट्ट,
एकशे बत्तीस पौंड.
आधी वाटलं बिघडलाय,
काही घडतच नव्हतं.
मग तानपुऱ्याच्या चार तारा
चार जागी उभ्या राहिल्या.
डग्गा डग्ग्याच्या जागी.
खाली बोळात कुणी सायकल स्टँडवर लावली.
माझा गंधार किंचित चढा,
हे आजवर कुणी बोललं नव्हतं.
आणि चौथं मिनिट:

वा
रा येतोय गं. खिडकी लाव.

ऑलरेनशॉ माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
वरचं जास्त येतंय का?
नाही, म्हटलं. बरोबर येतंय.

मग चोरासारखा पहिला परत लावून पाहिला.
त्यात अजून होती ती,
दोन वेण्यांची, दाद मिळालेली मुलगी.
थोडा वेळ तिच्याजवळ थांबले.
म्हाताऱ्याने उगीच फडक्याने काउंटर पुसला.

दोन पौंड सोडा, म्हटलं, सवयीने.
ते त्याने सोडले नाहीत,
पण फोनला जोडायची शेपटी फुकट दिली,
राखीच ना, असं दोनदा विचारून.

बसच्या वरच्या मजल्यावर
पिशवी फाडून तिथेच कानाला लावला.
बाई बोलतात. बिजागरी कुरकुरते.
कोण उठलं होतं? मी तर गातच होते.
झडप बसते, आणि तानपुरा,
इतका वेळ उगीच हलत असलेला,
जागेवर येतो.
माझाही सा येतो मग. वा म्हणण्याइतका नाही.
पण येतो.

पुढच्या सीटची खिडकी अर्धी उघडी होती,
तिच्यातून नोव्हेंबर सरळ आत.
मी उठले
आणि लावली.